‘ओके’ म्हणजे नक्की काय?

गेल्या वर्षी आमच्या डिपार्टमेंटच्या फेस्टची तयारी चालू होती. एकीकडे साउंड चेक, दुसरीकडे ढोल-ताशावाल्यांची प्रॅक्टिस. त्या गोंगाटात मी कँटीनच्या काकांना फोन लावला. “काका, वडापावच्या सात प्लेट पाठवा ना.” पलीकडून काकांनी विचारलं, “साठ ना?” मी म्हणाले, “हो हो!” आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने दोन मुलं भलेमोठे डबे उचलून दारात हजर. साठ प्लेट! त्या संध्याकाळी आम्ही वडापाव खाल्ले, वाटले, शेवटी वॉचमनकाकांच्या घरीही पाठवले. पैसे अर्थातच सगळ्यांनी वर्गणी काढून भरले.

आता सांगा, चूक कोणाची? मी बरेच दिवस काकांना दोष देत होते. पण त्यांनी तर विचारून खात्री करून घेतली होती. मला ‘साठ’ ऐकूच आलं नाही, कारण माझ्या डोक्यात ‘सात’ पक्कं बसलं होतं. कानावर आलं ते मी ऐकलंच नाही. ऐकायचं होतं ते ऐकलं.

हा किस्सा मी विसरूनही गेले असते. पण पुढे एका असाइनमेंटसाठी विमान अपघातांची माहिती वाचायला घेतली आणि एका जागी थबकलेच. तिथेही हाच घोळ. फक्त डब्यात वडापाव नव्हते, विमानात माणसं होती.

एका वेळी एकच

आधी हे संभाषण चालतं कसं, ते बघू. विमानाचा पायलट आणि जमिनीवरचा एअर ट्रॅफिक कंट्रोलर एकमेकांशी मुख्यतः रेडिओवर बोलतात. हा रेडिओ आपल्या फोनसारखा नसतो, वॉकी-टॉकीसारखा असतो. बटण दाबून बोलायचं, बटण सोडून ऐकायचं. एका फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी अनेक विमानं असतात आणि एका क्षणी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर बाकीच्यांना शब्दांऐवजी शिट्टीसारखी किंचाळी ऐकू येते.

म्हणून एक नियम आहे. कंट्रोलरने सूचना दिली की पायलटने ती परत म्हणून दाखवायची. याला म्हणतात रीडबॅक. आणि कंट्रोलरने ते नीट ऐकून, बरोबर आहे का ते तपासायचं. याला म्हणतात हिअरबॅक. शाळेत बाई पाढा म्हणून घ्यायच्या, तसंच. पण बाईंचं लक्ष खिडकीबाहेर असेल, तर ‘बारा सक्कं ब्याऐंशी’सुद्धा खपून जायचं की नाही?

नेमकं तसं १९ फेब्रुवारी १९८९ रोजी झालं. फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. कंट्रोलरला सांगायचं होतं, २४०० फुटांवर या. तो म्हणाला, “डिसेंड टू फोर झीरो झीरो.” त्याचा ‘टू’ म्हणजे दोन. कॉकपिटमध्ये ऐकलेला ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’. मराठीत लिहिलं तर दोन्ही ‘टू’ सारखेच दिसतात, कानालाही सारखेच वाटतात. पायलटने उत्तर दिलं, “ओके, फोर झीरो झीरो.” म्हणजे ४०० फूट!

इथे कंट्रोलरने “थांबा, चारशे नाही” म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा कॉकपिटमध्ये वाजत राहिला आणि विमान टेकडीवर आदळलं. आतले चौघेही गेले. माझ्या ‘हो हो’ने वर्गणी काढावी लागली होती. या ‘ओके’ची किंमत चार जीव होती.

धुक्यातला ‘ओके’

पण सगळ्यात भयंकर ‘ओके’ याच्या बारा वर्षं आधीचा आहे.

२७ मार्च १९७७, रविवार. अटलांटिक महासागरातली स्पेनची कॅनरी बेटं. ग्रॅन कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून तिकडे निघालेली विमानं शेजारच्या तेनेरिफ बेटावरच्या छोट्याशा लॉस रोडिओस विमानतळावर वळवली गेली. त्यात दोन जंबो होती, एक डच कंपनी केएलएमचं आणि दुसरं अमेरिकन पॅन ॲमचं. धावपट्टी एकच. बाजूचा टॅक्सी-वे थांबलेल्या विमानांनी भरलेला. त्यामुळे उड्डाणासाठी पट्टीच्या टोकाला जायचं, तर धावपट्टीवरूनच चालत जावं लागत होतं. केएलएम पुढे गेलं, टोकाला पोहोचलं आणि वळून उभं राहिलं. पॅन ॲम त्याच पट्टीवरून मागून येत होतं.

आणि धुकं उतरलं. टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार तिथे नव्हतं. म्हणजे तिन्ही बाजूंकडे एकच गोष्ट उरली होती. आवाज.

केएलएमचे कॅप्टन याकोब व्हान झांटेन हे कंपनीतलं बडं नाव. ७४७च्या पायलटांना शिकवणारे. कंपनीच्या जाहिरातीत झळकलेले. दिवसभर खोळंबा झालेला, ड्युटीचे तास संपत आलेले. आता उशीर झाला असता, तर रात्र तिथेच काढावी लागली असती.

कंट्रोलरने त्यांना उड्डाणानंतर कुठल्या मार्गाने जायचं ते सांगितलं. ही मार्गाची परवानगी होती, उड्डाणाची नव्हे. पण त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. को-पायलट रीडबॅक देत असतानाच कॅप्टनने विमान सोडलं होतं. रीडबॅकच्या शेवटी को-पायलट घाईघाईत म्हणाला, “वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ.”

याचा अर्थ काय लावाल? टेक-ऑफच्या जागी उभे आहोत? की टेक-ऑफ सुरू केलाय? कंट्रोलरने पहिला अर्थ घेतला. तो म्हणाला, “ओके.” क्षणभर थांबून पुढे म्हणाला, “टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगेन.” पण नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमने बटण दाबलं, “आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत!” दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ पोहोचला तो एकच शब्द, ‘ओके’. जीव वाचवू शकणारी दोन्ही वाक्यं किंचाळीत बुडाली.

तरीही एक संधी उरली होती. पॅन ॲम आणि टॉवरमधलं पुढचं बोलणं केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरच्या कानावर पडलं. तो चमकला. त्याने विचारलं, “ते पॅन ॲम अजून बाजूला झालं नाही का?” कॅप्टन ठामपणे म्हणाले, “झालं की!” इंजिनिअर पुढे काही बोलला नाही.

काही सेकंदांनी धुक्यातून पॅन ॲम समोर दिसलं. ५८३ माणसं गेली. केएलएममधले सगळे २४८. पॅन ॲममधले ३३५. वाचले फक्त ६१ जण. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात गेलेल्या माणसांचा हा आजही सर्वांत मोठा आकडा आहे.

मला त्या ‘ओके’पेक्षाही इंजिनिअरची शांतता जास्त छळते. त्याला शंका आली होती आणि ती खरी होती. पण समोर होता कंपनीतला सगळ्यात मोठा माणूस. दुसऱ्यांदा विचारायला जीभ रेटली नाही. आपल्यापैकी किती जण ‘सरांना परत कसं विचारू’ म्हणून गप्प बसतात?

“चालेल, थँक यू व्हेरी मच”

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. २५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून निघालेलं अव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७. हवा खराब, त्यामुळे जेएफके विमानतळाबाहेर विमानांची रांग. या विमानाला आकाशात वेगवेगळ्या ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत चाललं होतं.

को-पायलटने रेडिओवर ‘प्रायॉरिटी’ मागितली. त्याच्या मनात याचा अर्थ होता, आम्हाला ताबडतोब उतरवा. कंट्रोलरच्या पुस्तकात मात्र या शब्दाला तसं काही वजन नव्हतं. तिथे ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ यांसारखे शब्द लागतात. हे शब्द ऐकले की बाकी सगळी विमानं बाजूला करून वाट मोकळी केली जाते. ते दोन्ही शब्द त्या रात्री टॉवरपर्यंत पोहोचलेच नाहीत.

उतरायचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टन को-पायलटला स्पॅनिशमध्ये सांगतात, त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत. आणि को-पायलट इंग्रजीत काय सांगतो? दिलेली दिशा परत म्हणतो आणि जाता जाता जोडतो, “इंधन संपत आलंय.” सगळीच विमानं तासभर रखडलेली, प्रत्येकाचंच इंधन कमी. कंट्रोलरला त्यात वेगळं काही जाणवलं नाही. विमानाला वळसा घालून परत आणताना त्याने विचारलंही, तुमच्या इंधनाच्या दृष्टीने हे चालेल ना? उत्तर आलं, “आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.”

चालेल बहुतेक. थँक यू. त्यानंतर काही मिनिटांत इंजिनं एकेक करून बंद पडली. लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक इथल्या टेकडीवर विमान कोसळलं. टाक्या कोरड्या असल्यामुळे आगसुद्धा लागली नाही. १५८ जणांपैकी ७३ गेले.

वाचताना राग येतो ना? एक शब्द उच्चारायला काय झालं होतं! पण जरा आठवून बघा. लेक्चर डोक्यावरून गेलेलं असतं, सर विचारतात, “समजलं का सगळ्यांना?” आणि सगळा वर्ग एका सुरात, “होऽ सर!” आपली अडचण मोठ्याने सांगायची वेळ आली की आपल्याला सौम्य शब्द सुचतात. बिकट प्रसंगातही आपण नम्रपणा सोडत नाही.

हरयाणाच्या आकाशात

हे सगळं परदेशातच घडतं, असं नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. सौदियाचं बोइंग ७४७ दिल्लीहून उडालं. आत बरेच जण नोकरीसाठी आखाताकडे निघालेले भारतीय. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ दिल्लीत उतरायला येत होतं. कंट्रोलरने सौदियाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं आणि कझाक विमानाला १५ हजारांवर. मध्ये एक हजार फुटांची सुरक्षित फट. समोर सौदियाचं विमान आहे, १४ हजारांवर आहे, हेही कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलं. तिकडून पोचही आली.

पण कझाक विमान १५ हजारांवर थांबलंच नाही, खाली येत राहिलं. त्या विमानात रेडिओवर बोलण्याचं काम एका वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं. त्याच्यापुढे उंची दाखवणारं स्वतःचं यंत्र नव्हतं. पायलटांच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागायचं. म्हणजे सूचना ऐकणारा एक आणि विमान चालवणारे दुसरेच. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवरही विमानाची उंची दिसत नव्हती. कंट्रोलरला पायलट सांगेल तीच उंची खरी मानावी लागायची.

चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. दोन विमानांची हवेत टक्कर होऊन झालेला हा जगातला सर्वांत मोठा अपघात. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने चौकशी केली. कझाक विमान ठरलेल्या उंचीखाली आलं, हा मुख्य दोष. आणि त्यामागे कच्चं इंग्रजी व कॉकपिटमधला आपसातला तुटलेला संवाद.

यानंतर बरंच बदललं. दिल्लीत उंची दाखवणारं रडार आलं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. समोरून विमान आलं तर पायलटला थेट सावध करणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. पुढे आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पायलट आणि कंट्रोलर दोघांसाठी इंग्रजीची परीक्षा आणली. सहापैकी किमान चौथी पायरी गाठावीच लागते. २००८ पासून हा नियम लागू आहे.

रीडबॅक बरोबर, तरीही…

तेनेरिफनंतर रेडिओवरची भाषाच बदलली. आता ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. नुसतं ‘ओके’ म्हणून सूचना उडवून लावता येत नाही, ती परत म्हणूनच दाखवावी लागते. नऊला ‘नायनर’ म्हणतात, म्हणजे ‘फाइव्ह’शी गल्लत नको. कॉकपिटमधला ज्युनिअर बोलता यावा आणि सिनिअरने ते ऐकावं, यासाठी वेगळं ट्रेनिंग असतं. त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर काय झालं बघा. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला कंट्रोलरने सांगितलं, ‘तुम्ही नंबर वन, धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत या.’ विमानातून बिनचूक रीडबॅक आला, वर थँक यूही. आणि तरी विमान थेट धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. ‘नंबर वन’ म्हणजे रांगेत पहिले, एवढंच. पण आपल्याला परवानगी मिळाली, असा कॅप्टनचा समज झाला. मागून उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्याच्यावर आदळलं. त्या मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. त्यानंतर जपानमध्ये काही काळ रेडिओवर असा नंबर सांगणंच थांबवलं होतं.

म्हणजे शब्द परत म्हणणं पुरेसं नाही. त्याचा अर्थही दोघांच्या डोक्यात एकच हवा.

आपल्या मुंबईचं काय?

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर दिवसभरात नऊशेच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. म्हणजे तुम्ही हा लेख वाचेपर्यंत तिथल्या कंट्रोलरने कितीतरी सूचना देऊन, त्या परत ऐकून, तपासूनही झाल्या असतील. आणि पायलट-कंट्रोलर दोघंही अगदी मराठी असले, तरी हे सगळं इंग्रजीतच.

या कामात यायचं असेल तर एक सांगते. भारतात कंट्रोलरची भरती एअरपोर्ट्स ॲथॉरिटी ऑफ इंडिया करते. फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बीएस्सी केलेले किंवा इंजिनिअर झालेले अर्ज करू शकतात. लेखी परीक्षेसोबत ‘व्हॉइस टेस्ट’ही असते. तुमचं बोलणं समोरच्याला स्पष्ट कळतं का, हे तपासतात. प्रयागराज, हैदराबादसोबत आपल्या गोंदियातही ट्रेनिंग होतं.

रेडिओवरचे शब्द

रॉजर: तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं. याचा अर्थ ‘हो’ असा नाही!
विल्को: समजलं, तसंच करतो.
अफर्म: हो.
अनेबल: जमणार नाही.
स्टँड बाय: थांबा. ही परवानगीही नाही आणि नकारही नाही.
से अगेन: परत सांगा.

यातला मला सगळ्यात आवडलेला शब्द शेवटचा. ‘परत सांगा’ म्हटलं म्हणून या क्षेत्रात कोणी ढ ठरत नाही. उलट शंका असताना न विचारणारा धोकादायक ठरतो. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात मी डेस्कवर प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचे. आता नाव, आकडा, वेळ परत विचारते. कधीकधी समोरचा वैतागतो. वैतागू दे.

परवा परत कँटीनला फोन केला. “काका, सात प्लेट. सहानंतरचे सात.” काका खो खो हसले आणि म्हणाले, “सहानंतरचे सात. साठ नाही. बरोबर?”

या वेळी मी आधी ऐकलं. मग म्हणाले, “बरोबर.”